स्पिंडलचे उरलेले तीस शतांश

मृत्युपत्र लिहावे इतके माझे वय नाही आणि तितकी मालमत्ताही नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही हे लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. येत्या गुरुवारी परळच्या रुग्णालयात माझ्या हृदयाची एक झडप बदलण्यात येणार आहे. डॉक्टरांना आशा आहे, मलाही आहे. पण काही गोष्टी लिहून ठेवल्याशिवाय मला झोप लागत नाही.

मी, वैशाली रामजी तांबे, वय पंचवीस, एम.ए. मराठीची विद्यार्थिनी, राहणार बीडीडी चाळ, वरळी, हे स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या अक्षरात लिहिते आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आईने दोनदा पेन काढून घेतले.

१. चाळीतली खोली माझी नाही, आईची आहे. पुढे चाळीच्या जागी होणाऱ्या इमारतीत मिळेल ते घरही तिचेच. बँकेत माझ्या नावे जे काही असेल, तेही तिचे. आईस, म्हणजे श्रीमती सीमा यांस, विनंती की त्यांनी माझे कपडे जपून ठेवू नयेत, वाटून टाकावेत.

२. माझी पुस्तके चाळीच्या वाचनालयास द्यावीत. शब्दकोशाचा दुसरा खंड चुलतभाऊ सम्यकदादा याने चार वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेला आहे. त्याबद्दल माझ्या मनात राग होता, अजूनही थोडा आहे. खंड त्याने परस्पर वाचनालयात पोहोचवला, तर तो राग मी सोडला असे समजावे.

३. कॉटन ग्रीनच्या गोदामातील भाड्याच्या गाळ्यात माझ्या वडिलांचा लेथ, म्हणजे लोखंड कातायचे यंत्र, आहे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी तो जुना विकत घेतला आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जाईपर्यंत त्यावर काम केले. हा लेथ, त्याची सर्व हत्यारे आणि मायक्रोमीटर मी श्री. धम्मपाल यांस देते. सात वर्षे ते वडिलांच्या शेजारी टर्नर म्हणून उभे राहिले. सध्या ते चाकणला एका कारखान्यात नोकरी करतात.

४. हे कलम लांबेल.

वाडा गावचे कोंडीरामकाका गवताचा धंदा करतात. तबेल्यांना लागणारे सुके गवत ते ट्रॅक्टरमागे ओढायच्या यंत्राने कापतात. त्या यंत्राच्या चाकाचा स्पिंडल, म्हणजे ज्या लोखंडी दांड्यावर चाक फिरते तो, दुरुस्तीला ते वडिलांकडेच आणत. वडील गेल्यानंतरच्या सप्टेंबरात ते आले, तेव्हा धम्मपाल माल आणायला गेले होते. मी गाळ्यात वाचत बसले होते. दहावीला शाळेत पहिली आलेल्या मुलीला एक दांडा मोजता येणार नाही, असे मला वाटलेच नाही. मायक्रोमीटर लावला. चाळीस मिलिमीटरला जेमतेम दोन शतांश कमी. मी म्हटले, "काका, स्पिंडल उत्तम आहे. फक्त बेअरिंग नवीन घाला."

पंधरा दिवसांनी काका परत आले, तेव्हा त्यांच्या कोपराला पट्टी होती.

"ताई, उतारावर चाक माझ्या पुढं पळालं आन् मी यंत्रासकट मागं! गावातली पोरं अजून हसत्यात."

धम्मपालने स्पिंडल हातात घेतला, मी मोजला होता तसा मोजला, मग मायक्रोमीटर पाव वळण फिरवून पुन्हा मोजला. जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी.

"मास्तरीणबाई, हा फिरतो का?"

"नाही. ह्याच्यावर चाक फिरतं."

"मग भार कुठून येणार? कायम खालूनच. घासणार पण खालूनच. तू आडवं मोजलंस. आडवं मोजलंस तर जन्मभर चाळीसच येईल."

मी रडले. त्यांनी न बघितल्यासारखे केले आणि काकांना म्हणाले, "काका, चूक आमची. आज हा अर्धा फिरवून बसवतो, चांगली बाजू खाली. हा हंगाम जाईल. पुढच्या वर्षी वेल्डिंगने भरून नवा करून देतो." मी मोजले होते, हे त्यांनी काकांना सांगितले नाही. त्याच दिवसापासून त्यांनी मला लेथ शिकवायला घेतला.

पुढचे वर्ष म्हणजे हे वर्ष. स्पिंडल आला आहे, शब्द देणारे मात्र चाकणला आहेत. म्हणून मी शेजारच्या गाळ्यातून वेल्डिंग करून घेतले. एका बाजूला एक पट्टी, मग तिच्या बरोबर समोर दुसरी, म्हणजे दांडा वाकत नाही. राखेत पुरून हळूहळू थंड केला. लेथवर चढवला आणि चाळीस पूर्णांक तीस शतांशापर्यंत आणला. त्या दिवशी लेथसमोर उभी असताना दम लागला तो बसेना, आणि डॉक्टरांनी उभे राहण्यास मनाई केली. उरलेले तीस शतांश कापायचे आहेत. वाड्याला गवत कापणीला आले आहे. ते काम धम्मपालने पुरे करावे आणि स्पिंडल काकांच्या हाती द्यावा. देताना सांगावे की गेल्या वर्षी आडवे मी मोजले होते.

५. माझ्यासाठी त्रिसरण-पंचशील एवढेच व्हावे. लांबलचक भाषणे नकोत. हयातीतही मला ती ऐकवत नसत.

६. साक्षीदार म्हणून धम्मपालला बोलावले नाही, कारण ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे मी वाचले होते. हे कारण मी आईला सांगितले. सही करायला आलेल्या दमयंतीमावशींनी, ज्या कोळीवाड्यातून आमच्या चाळीत मासे विकायला येतात, ते ऐकून मला विचारले, "गो बाय, लग्नाची पत्रिका लिवायच्या वयात ह्या काय लिवतेस? नि त्या धम्मपालला काय दिलंस? लोखंड? लोखंड देतेस, नि तोंडानं काय बोलत नायस!"

त्यांचे म्हणणे नोंदवणे मला भाग आहे, म्हणून पुढचे कलम.

७. या जानेवारीत धम्मपालने लेथ पुसता पुसता मला विचारले होते, "हा गाळा माझ्याबरोबर चालवशील?" मला प्रश्न पूर्ण समजला होता. मी म्हणाले, "माझी परीक्षा आहे." त्यांनी फडके घडी करून खिडकीत ठेवले आणि फेब्रुवारीत ते चाकणला गेले. निरोप घ्यायला चाळीत आले, तेव्हा मी आत पुस्तक घेऊन बसून राहिले. जिन्यावरून त्यांची पावले खाली जाताना मी मोजली. बावन्न.

धम्मपाल, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. तोवर थांबायला मी तयार नाही, म्हणून याची प्रत तुम्हाला आजच पाठवते आहे. मी जगले, तर वरचे एकही कलम लागू होणार नाही; हे सातवे तेवढे लागू राहील. माझे उत्तर होय आहे. ते जानेवारीतही होयच होते. स्पिंडल कोणीही टर्नर पुरा करील. बुधवारी मी रुग्णालयात असेन; संध्याकाळी चार ते सहा भेटायची वेळ असते. या.

माझ्यासमक्ष आणि एकमेकींसमक्ष सह्या करणाऱ्या साक्षीदार:

दमयंती विठोबा नाखवा, वरळी कोळीवाडा (सही मराठीत, वेळ लावून)

रुचिका पेडणेकर, ग्रंथपाल, प्रभादेवी

लिहून देणार: वैशाली रामजी तांबे

स्थळ: वरळी, मुंबई

सह्या झाल्या: सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५, सकाळी साडेदहा.

प्रत धम्मपाल यांच्या मोबाइलवर पाठवली: त्याच दिवशी, सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी.