एक मत, दोन मवाळ

१६ जानेवारी १९०६

नाही दिलं अजून! कुणालाच नाही. सारखं काय विचारायचं ते!

घर माझ्या नावावर, म्हणून ड्यूमाचं, झारच्या नव्या संसदेचं, मत माझं. पण मी पडले बाई – टाकायचं पुरुषानं. नवऱ्याला नाहीतर मुलाला द्या, म्हणतो कायदा. एकालाच. नवरा केव्हाच गेला. मुलगे दोन. मज्जा आहे!

१९ जानेवारी

थोरला अवेर्की लाकडाच्या वखारीत कारभारी. तो ऑक्टोबरवाल्यांच्या पक्षाचा. "झारनं ऑक्टोबरच्या जाहीरनाम्यात दिलं तेवढं पुष्कळ, आई." धाकटा पांक्रात मास्तर, तो कॅडेट पक्षाचा. "पुष्कळ कसलं? मंत्र्यांनी ड्यूमाला जाब द्यायला नको?"

दोघंही स्वतःला मवाळ म्हणवतात. मवाळांनी आज माझा सूपचा वाडगा फोडला!

मी म्हटलं, "अंगणातला बर्फ काढेल त्याला मत." दोघं फावडी घेऊन धावले. अंगण लख्ख! मत माझ्यापाशीच.

२४ जानेवारी

चेष्टा अंगाशी आली. अवेर्की म्हणाला, "त्याला दिलंस तर मी घर सोडतो." पांक्रातनं ट्रंकच भरायला घेतली. एकाला दिलं की दुसरा गेला. कुणालाच नाही दिलं तर मत वाया – आणि मी बटाट्याची सालंसुद्धा वाया घालवत नाही.

२७ जानेवारी

येव्लाम्पी कुझ्मिच चूल लिंपायला आला. गवंडी, विधुर, दाढीत राख. पोरं बाजूच्या खोलीत भांडत होती. मी विचारलं, "तुमचा पक्ष कुठला हो?"

"लुकेर्या साव्विश्ना, मी फक्त धूर बाहेर जातोय का बघतो."

खूप हसले. चहा दिला. मग आणखी एक गोष्ट विचारली. थापी पडली त्याच्या हातातून! हो म्हणाला.

२९ जानेवारी

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी आमचं लग्न ठरल्याचं पुकारलं. पोरांची तोंडं बघायची होती! घाई करायलाच हवी – धिरड्यांचा सण लागला की ईस्टरपर्यंत लग्नं बंद.

अवेर्की बाहेर येऊन पुटपुटला, "आई, या वयात?"

"मत नवऱ्यालाही देता येतं, बाळा."

मग पांक्रातनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. रात्री ट्रंक रिकामी केली.

५ फेब्रुवारी

लग्न झालं. मत येव्लाम्पीला. पांक्रातचे डोळे भरले, "आमच्या भांडणापायी केवढा त्याग केलास, आई!" मी मान खाली घातली.

त्याग कसला डोंबलाचा! मला हा माणूस हवा होता. पोरं भांडली नसती, तर मीच त्यांची भांडणं लावून दिली असती.