एकदा घरच्यासाठी बनव

कुवेत, ३ मार्च १९८६

चि. पवित्रन यास थोरल्या बहिणीचे, तुझ्या चेचीचे आशीर्वाद आणि लांबूनच एक टपली.

डॉक्टरांचा निरोप मिळाला. साखरेने अच्छनचा पाय काळा पडलाय, कापला तरच जगतील. पण जन्मभर माडावर चढून माडी काढलेला माणूस त्या कागदावर अंगठा उठवणार नाही. म्हणून तू सांग, नुसती जखम धुणार आहेत. सगळ्या गावाला बनवतोस, एकदा घरच्यासाठी बनव. मी इथे रोज परक्यांच्या बापांना अंघोळ घालते. मला एका पायाचा बाप चालेल, पण बाप हवा.

लोभ आहेच, तो उधळू नकोस.
वनजा

वडकरा, ११ मार्च

वनजाचेचीला पवीचा दंडवत, नाक जमिनीला लावून.

आता ओरडू नकोस. थाप पाठ करून गेलो. कागदावर अंगठा हवा एवढंच म्हणालो, थाप मारायच्या आधीच अच्छन म्हणाले, तू सांगतोयस ना, मग विचारायचं काय, आण शाई. अंगठा पुढे केलासुद्धा! एकदा त्यांच्या माडाच्या शेंड्याला रबरी साप बांधला होता मी, तरी हा माणूस माझं ऐकतो. माझी तंतरली. सांगून टाकलं, पाय कापणार आहेत. तर खदाखदा हसले! म्हणे लबाडा, या खेपेला झकास जमली, आण शाई.

तिथंच गप्प बसलो असतो तर भागलं असतं. खरंही बोललो होतो, अंगठाही मिळत होता. पण मी त्यांना डोळे मिटायला लावून पायाच्या बोटाला चिमटा काढला आणि विचारलं, कुठलं बोट? त्यांना सांगता येईना. मग हसू विझलं.

डॉक्टरांनी खूप समजावलं, चिडलेसुद्धा. अच्छन म्हणाले, पाय माझ्याबरोबरच जाईल, मला घरी न्या. आता ओसरीत खाट टाकलीय. तिथून त्यांचा माड दिसतो.

मार खायला तयार,
पवी

कुवेत, २० मार्च

पवी, आज आशीर्वाद देववत नाहीत.

पाय त्यांचा, ठरवणार तेच. कळतं मला. पण तू गप्प का नाही बसलास? सुट्टी जूनशिवाय नाही. इथे भांडायलाही कुणी नाही. माझी आठवण काढतात का, तेवढं लिही.

वनजा

वडकरा, २ एप्रिल

चेची, नमस्कार. आज नुसताच.

काढायचे. रोज विचारायचे, वनजा कधी येतेय. शेवटी मी सांगितलं, शुक्रवारी. या सगळ्यात तेवढी एकच थाप मारली. लगेच दाढी करून घेतली, तुझी चटई उन्हात टाकायला लावली. गुरुवारी गेले. तार केलीय.

चटई अजून बाहेरच आहे. घरात बनवायला कुणी उरलं नाही. रागावूनच ये, पण ये.

असेल नसेल तेवढा लोभ ठेव.
पवी