लिव्हरवरचा हार

दिघोरी
३ एप्रिल

ती. बाबांस,

रीनाचा सा. न. वि. वि. इथं सारे खुशाल आहेत असं लिहाची रीत आहे म्हणून लिहून राहिली, पण बाबा, मी खुशाल नाही. मले लय भेव वाटून राहिलं.

फोनवर तुमाले ऐकू येत नाही, नुसतं हं हं करता. दुसऱ्याच्या तोंडून निरोप धाडला तं अर्धा वाटेतच सांडते. म्हणून हे पत्र भैय्यालालच्या पिकअपमध्ये. तो भाजी घेऊन भंडाऱ्याले जाते, शहापूरले तुमच्या दारात देऊन देईन.

आमच्या शेततळ्याच्या, त्या बोडीच्या पाळीवर तो पिवळा डोझर उभा होता ना, पाणी खाऊन गंजलेला? ज्या ठेकेदाराचा होता त्याच्या पोरानं तो तुमच्या जवाईबापूले देऊन टाकला, का जागा मोकळी करा. तेव्हापासून हे घरात पावण्यासारखे. सकाळी जातात ते जेवाले बोलावलं तरच येतात, अन् जेवतानाही हाताले ग्रीस. यंदा धानाच्या सगळ्या बांध्या सपाट करतो म्हणतात, मंग रोवण्याले पाणी सारखं बसन. परवा इंजिन चालू झालं तं लहान पोरासारखे नाचले.

पण मशीन वळत नाही! डावं लिव्हर ओढा का उजवं, ते सरळ पुढं जाते नाहीतं सरळ मागं येते. अन् त्याचं नाक पाण्याकडे आहे, बाबा. बोडीतलं पाणी उतरलं असलं तरी गाळ माणूसभर खोल आहे. काल ते हातभर पुढं सरकलं अन् मी अशी किंचाळली का मोहफुलं वेचणाऱ्या बाया धावत आल्या. हे म्हणतात, जोर लावला का सुटते. जोर लावाले यायले कोणी शिकवाले नको.

त्यात सासूबाईंनी हनुमान जयंतीले मशीनची पूजा ठेवली. पुढ्यात उभं राहून नारळ फोडन, मंगच गाडी हलन म्हणतात. सारं गाव भवताल जमन. मले डोळा लागत नाही. यायले काही झालं तं मी कोणाच्या तोंडाकडे पाहू? तुम्ही जिंदगीभर हेच चालवलं. काय करू ते सांगा.

तुमची माया आहेच, या खेपेले तिच्यासंगं थोडी अक्कलही पाठवा.

तुमची
रीना


शहापूर
५ एप्रिल

चि. सौ. रीनास,

बापाचे पोटभर आशीर्वाद. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यानं एकाच डोळ्यानं लिहून राहिलो, ओळी उताराले लागल्या तं हसू नोको. डॉक्टरनं धुळीत जाऊ नोको म्हणून बजावलं, नाहीतं पत्राच्या जागी मीच आलो असतो. तुझं पत्र दोनदा वाचलं, पोरी.

आता जवाईबापूले जवळ बसव अन् हे वाचून दाखव. हसले तं पुन्हा पहिल्यापासून वाच.

दोन्ही बाजूले लोखंडाच्या पेटीत क्लचच्या प्लेटा असतात. लिव्हर ओढलं का त्या एकमेकीपासून सुटतात, त्या बाजूची चेन थांबते अन् मशीन वळते. ओल लागून त्या गंजल्या, सादळलेल्या पापडाच्या चवडीवानी चिकटल्या. त्यायले जोरानं नाही, सबुरीनं सोडवाचं. पेटीत वरून डिझेल भरा अन् दोन-चार दिवस मुरू द्या. दोन्ही लिव्हरं मागं ओढून दोरीनं घट्ट बांधून ठेवा. मंग ते डिझेल सारं काढून टाका.

मशीन फक्त मागं घ्याचं, पाण्यापासून दूर, खालच्या गेरात. दोरी तशीच राहू द्याची अन् डावा ब्रेक गपकन दाबाचा. दोरी कायले, तं हात मोकळा पायजे. प्लेटा सुटल्या का बंदुकीवानी आवाज होते अन् मशीन जागच्या जागी गरकन फिरते. त्याच घडीले हातानं रेस कमी केली तं ते थांबते. हात लिव्हरले गुंतला तं थांबत नाही.

अन् मागं जाता जाता डावी बाजू अडली का पुढचं ब्लेड उजवीकडे झपाट्यानं झाडते. कवडू तुले आठवत नसन, तू पाळण्यात होतीस. माझा जोडीदार. एका तलावाच्या कामावर तो ब्लेडच्या टोकापाशी उभा राहून मले हातानं इशारे करून राहिला होता. क्लच सुटला. मी त्याले ओरडलेलं मलेच ऐकू आलं नाही. बस, याच्यापुढं लिहवत नाही.

तं पुढं, मागं, बाजूले कोणी म्हणजे कोणी नाही. नारळ मागाहून. विहीणबाईले हात जोडून सांग.

लोभ राहू दे, अन् साऱ्यायले मशीनपासून लांब राहू दे.

तुझा बाबा
श्रावण


दिघोरी
९ एप्रिल

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. तुमची तिरपी अक्षरं वाचून आधी रडली अन् मंग कामाले लागली.

हे पहिले हसले. कवडूकाकाचं वाचलं तसे कागद खिशात घालून गेले. तुम्ही म्हटलं तसंच सारं केलं. डिझेल भरलं, लिव्हरं बांधली. काल बूच खोललं तं चहासारखा लाल गंज निघाला. यायले आशा आली, मले नाही.

सासूबाई मात्र ऐकत नाहीत, बाप्पा! लांबून नारळ फोडाले मी का कावळे हाकलून राहिली, असं म्हणतात. त्या दोरीवरही त्यायचा राग. यायच्या घरची रीत अशी का बांधलेल्या जीवाले ओवाळाचं नाही. दिवाळीत गाय ओवाळतानाही त्या आधी दावं सोडतात. मी म्हटलं का मशीन म्हणजे गाय नाही, तं तोंड फिरवून बसल्या. पूजेची जागाही ठरवून आल्या, उगवतीकडे, ब्लेडच्या उजव्या टोकापाशी सारवूनही ठेवली. बाबा, तुमच्या पत्रात तीच जागा आहे! मी सून. याच्यावर बोलाले माझं तोंड चालत नाही.

तुम्ही स्वतः लिहा. तुमाले त्या मानतात, दाखवत नाहीत एवढंच.

जीव मुठीत आहे, तोवरच तुमचा लोभ मागून घेते.

रीना


शहापूर
१० एप्रिल

सौ. विहीणबाई कुंताबाई यांसी,

श्रावणचा रामराम. लग्नात मले भजे वाढताना तुम्ही म्हणाल्या होत्या का व्याही लाजून खातात. आज लाज सोडून मागून राहिलो.

नवा गोऱ्हा पहिल्यांदा नांगराले जुंपला तं त्याच्या शिंगापुढं कोणी हळदकुंकू घेऊन उभं राहते का? त्याले दोन तास ओढू देतात, घाम येऊ देतात, मंग ओवाळतात. हे मशीन तसंच समजा. तुम्ही लांब त्या मोहाच्या झाडाखाली बसा. ते मोकळं झालं, धड वळालं, का तुमचा निकेश ते चालवत तुमच्या पायापाशी आणन. तिथं फोडा नारळ. देवाले अशानं राग येत असन तं तो माझ्या माथी, मी सही करून देतो.

मी आंधळा-बहिरा माणूस, पण एक गोष्ट मले रोज दिसते अन् रोज ऐकू येते. ती तुमच्या दारात नोको.

मोठेपणा ठेवा. माझी पोरगी तुमच्याच घरात आहे.

तुमचा
श्रावण


दिघोरी
१३ एप्रिल

श्री. श्रावणभाऊ यांस,

कुंताबाईचा नमस्कार. चौथीनंतर पहिल्यांदा एवढं मोठं पत्र लिहून राहिली, चुकलं तं समजून घ्या. रीना लिहितो म्हणत होती, मी लिहू दिलं नाही. हे मलेच लिहा लागते.

आधी हे, का निकेश धड आहे. तुमची पोरगी धड आहे. मशीन वळते.

तुमचं पत्र वाचून मी मोहाखाली बसाले कबूल झाली. पण मन मानत नव्हतं, भाऊ. हनुमान जयंतीच्या दिवशी वस्तू बांधलेली कशी ठेवाची? पहाटे कोणी नसताना मी मशीनवर चढली, डाव्या लिव्हरची दोरी सोडली, हळदकुंकू लावलं. उजव्याची गाठ सुटली नाही. दोघावरून मिळून झेंडूचा मोठा हार घातला. मले वाटलं, एवढ्याशा दोरीनं का होते. आरतीचं ताट अन् पाण्याचा लोटा सारवल्या जागी ठेवून आली, का गाडी निघाली म्हणजे देव तरी पुढ्यात राहीन.

निकेशले हार दिसला, दोरी हाराखाली असन असं तो समजला. सारे लोक रीनानं पार बांधीच्या धुऱ्यापलीकडे नेले. कोणाच्या बापाले ऐकली नाही. मले तिनं मोहाखाली बसवलं अन् माझं मनगट असं धरलं का बांगडी वाकली.

मशीन मागं निघालं. त्यानं ब्रेक दाबला, ते नुसतं गुरगुरलं. त्यानं हात घातला तं हाराखाली दोरी नाही. मंग तो दोन्ही हातानं लिव्हर ओढाले लागला. मले लांबून दिसत होतं, भाऊ. तुमचं पत्र मले पाठ होतं. हात लिव्हरले गुंतला तं थांबत नाही हे तुम्ही पोरीले लिहिलेलं तिनं मले दहादा वाचून दाखवलं होतं. मी ओरडली. त्या आवाजात माझं मलेच ऐकू आलं नाही.

फाडकन आवाज झाला अन् ते फिरलं. अर्धं फिरलं, मंग पुरं फिरलं. ब्लेड त्या सारवल्या जागेवरून गेलं, पुन्हा आलं अन् पुन्हा गेलं. माझा पोरगा वर लिव्हरले लटकत होता, धुळीत दिसत नव्हता. मी देवाचं नावही घेतलं नाही, त्याचंच नाव घेत राहिली. शेवटी त्यानं लिव्हर सोडून रेस कमी केली.

मंग खाली उतरला. रडत होता अन् हसतही होता. कोणी दोरी सोडली हे त्यानं विचारलं नाही. मीच सांगितलं, साऱ्यायसमोर. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहान कोण अन् मोठं कोण, तेच कळेना.

दुपारी त्यानं उजवीकडची बाजूही तुमच्या रीतीनं सोडवली. दोन्ही दोऱ्या रीनानं स्वतः बांधल्या अन् मले दाखवल्या. संध्याकाळी मशीन वळण घेत घेत मोहापाशी आलं अन् उभं राहिलं. नारळ फोडला. तिसऱ्या खेपेले फुटला.

तुमचा कवडू मले आता ओळखीचा वाटते. त्याच्या नावानं मी नारळाचा एक तुकडा बोडीत सोडला.

भैय्यालालच्या हाती डोळ्याले लावाले गाईचं तूप पाठवतो, डॉक्टरले विचारूनच लावा. अन् फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू आहे. तो माझा पितळी लोटा आहे, पूजेचा. भाकरीएवढा चपटा झाला. मी तिथंच उभी राहणार होती. घरात ठेवला तं मी दिवसभर त्याच्याकडेच पाहत बसतो, म्हणून तुमच्यापाशी राहू द्या.

लोभ होताच. आता जीवही तुमचाच समजा.

कुंताबाई