सशांना आग्रह

आई, घरात सशाची पिल्लं आहेत. तू असतीस तर "हे काय बिऱ्हाड आणलंस" म्हणून आधी माझ्यावर तोंड सोडलं असतंस, आणि तोंड चालू असतानाच त्यांच्यासाठी दूध तापत ठेवलं असतंस. मीही तेच केलं, फक्त माझ्यावर तोंड सोडायला कुणी नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी लेकीच्या हट्टापायी बाजारातून एक ससा आणला. ती मादी निघाली, वर गाभण. व्याली, आणि पिल्लांचे डोळे उघडतात न उघडतात तोच बोक्यानं तिला धरलं. त्यात त्यांच्या घरचं लग्न गंगापूरला. शेजारीण बुटांचं खोकं घेऊन जिने चढून वर आली. खोक्यात गवत, गवतात चार पिल्लं. म्हणाली, "ताई, आम्ही येईपर्यंत सांभाळा ना. तुम्हाला सवयच आहे खाऊ घालायची." बघ, या बिल्डिंगीत माझी ओळख काय उरलीय! रागच आला होता, पण खोकं घेतलं.

आधी अण्णांचं सांगते, नाहीतर पुढचं तू ऐकणारच नाहीस. अण्णा ठीक आहेत. गुडघे गेलेत, त्यामुळं तीन जिने उतरणं बंद झालंय, पण डोकं शाबूत आहे आणि जेवण व्यवस्थित आहे. असणारच. जाताना माझा हात धरून तू म्हणाली होतीस, "तुझ्या अण्णाला उपाशी ठेवू नको," आणि मी "व्हय" म्हणाले होते. तेव्हापासून सकाळी नाश्ता, ऑफिसला निघायच्या आधी दुपारचं झाकून ठेवलेलं, आल्यावर चहाबरोबर काहीतरी, रात्री तव्यावरची गरम भाकरी, झोपताना दूध. एकुलती एक मी, दुसरं कोण करणार? स्थळं आली ती परगावची होती. बढत्या आल्या त्याही परगावच्या, दोनदा नाकारल्या. आता तिसऱ्यांदा आलीय, रत्नागिरीला. साहेब म्हणाले, "मॅडम, सोमवारपर्यंत सांगा. या वेळी नाही म्हणालात तर पुन्हा कुणी विचारणार नाही." आई, मला जायचंय. समुद्राचं मला फार कौतुक आहे असं समजू नकोस. मला एक खोली पाहिजे, जिथं संध्याकाळी कुलूप उघडल्यावर "आज काय केलंयस" असं कुणी विचारणार नाही, आणि मी चहात टोस्ट बुडवून खाईन आणि आडवी होईन. एवढीच हौस आहे. पण अण्णांना करून कोण घालणार? गावाकडं पिशोरला काका आहेत, पण तिकडे राहायला जातो असं अण्णा इतक्या वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत. कोपऱ्यात खोकं, खुर्चीत अण्णा, ओट्याशी मी, असं चाललं होतं.

पिल्लांसाठी शेळीचं दूध मिळालं. कॉलनीच्या मागं शेळ्या बांधतात, तिथून आणलं. बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब पाजायचं, पिल्लाला उताणं करायचं नाही, पोटावर बसवूनच पाजायचं, नाहीतर दूध छातीत जातं, एवढं शेजारणीनं सांगितलं होतं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असंही सांगितलं होतं. ते मी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. मूठभर जीव, त्यात आई मेलेली, आणि दोनदा? मी रजा टाकली आणि दर थोड्या वेळानं पाजत बसले. दूध पातळ वाटलं म्हणून साखर घातली. पिल्लं मलूल दिसली म्हणून दुसऱ्या दिवशी तांदळाचं खिमट केलं, पातळ, तुपाचा थेंब टाकून, फडक्यातून गाळून. पिल्लू तोंड फिरवायचं. मी हनुवटी धरून परत इकडे करायची. "एवढं संपव. हा शेवटचा." माझ्या तोंडून हुबेहूब तुझा आवाज येत होता. अण्णा खुर्चीतून बघत होते.

तुझा आग्रह मला पाठ आहे गं. आपल्या भाड्याच्या घरातलं ते स्वयंपाकघर, खिडकी एवढीशी, धुरानं काळी झालेली. मी चुलीकडे पाठ करून जेवतेय आणि तू मागून वाढतेस. "अर्धीच घे" म्हणतेस. अर्धी संपत आली की "अर्धी घेऊन उठू नये" म्हणून दुसरी अर्धी. ताटात टाकायचं नाही, नको म्हणायचं नाही. शाळेची सहल वेरूळला निघाली त्या सकाळी तू शेपूची भाजी केली होतीस. मला शेपूचा वास सुद्धा सहन व्हायचा नाही. बाहेरून मैत्रिणी हाका मारतायत आणि तू दारात उभी. "ताट पुसून उठायचं." मी एकेक घास पाण्याबरोबर गिळतेय आणि रडतेय. उठले तोवर गाडी गेली होती. तू म्हणालीस, "लेणी कुठं पळून जात नायत." खरंय, लेणी कुठं गेली नाहीत, आणि मीही नाही. पहिल्या नोकरीच्या दिवशी तू मला चार पुडांचा स्टीलचा डबा दिलास, नवाकोरा. तो उचलताना खांदा दुखायचा. अख्खं ऑफिस त्यात जेवायचं आणि मला लाज वाटायची. अभिमानही वाटायचा, ते तुला कधी सांगितलं नाही.

पुढच्या सकाळी खोक्यात एक पिल्लू गार पडलेलं होतं. बाकीच्या तिघांची पोटं टम्म फुगलेली, कातडी ताणलेली, बुडाशी चिकट हगवण. मग मी काय केलं असेल, सांग बरं? हिंग! पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला, तू आळीतल्या तान्ह्या पोरांना लावायचीस तसा. त्या केसांत सशाची बेंबी शोधता शोधता मला रडू फुटलं. मग खोकं मांडीवर घेऊन रिक्षानं जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरीण माझ्या निम्म्या वयाची, चटपटीत. तिनं पिल्लू तळहातावर घेतलं, पोटावर हलकी टिचकी मारली, नाकाजवळ नेलं. "ये हिंग किसने लगाया?" म्हणाली. मी खोक्यातलं गवत नीट करायला लागले. काय काय पाजलं ते विचारलं, तेव्हा मात्र सगळं सांगितलं, साखर, खिमट, तूप. तिनं मेलेलं पिल्लूही पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, ये भूक से नहीं मरा. जास्ती हो गया इसको."

मी म्हणाले, अहो, आई नाहीये त्यांना. तर ती मराठीत, लहान मुलाला समजावतात तशी सांगायला लागली. "सशाची आई पिल्लांपाशी बसतच नाही. दिवसातून एकदा येते, फार तर दोनदा. पटकन पाजते आणि लांब जाऊन बसते. तिच्या वासावर कुणी येऊ नये म्हणून. ती लांब राहते, म्हणून पिल्लं जगतात." मी विचारलं, "आणि मधल्या वेळात?" "मधल्या वेळात काही नाही. झोपतात. पचवतात." पचवतात! हा शब्द आपल्या घरात कधी कुणी उच्चारला होता का गं? आपल्याकडं नुसतं वाढणं होतं.

तिनं पोटात धरलेल्या वाऱ्यावर थेंब लिहून दिले. दूध दोनदाच, पोट जरासं गोल झालं की थांबायचं, पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं पोट आणि बूड हळू पुसायचं, म्हणजे शी-शू मोकळी होते. आणि एक डबी दिली. तिच्याकडं कुणाचा तरी मोठा, धडधाकट ससा राहायला होता, त्याच्या मऊ लेंड्या होत्या त्यात. सशाचं पोट म्हणे आतल्या जिवाणूंवर चालतं. पिल्लं आईच्या त्या मऊ लेंड्या खातात आणि त्यांचं पोट मार्गी लागतं. आई नसली तर दुसऱ्या सशाच्या चालतात, चिमूटभर, दुधात कालवून. घरी येऊन मी ते कालवायला बसले तर अण्णांनी मान पुढं काढून विचारलं, हे काय? सांगितलं. "म्हंजी तू तूप घालीत व्हतीस, आन त्याईला पाहिजे व्हतं हे!" म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसले. ते असे कधी हसले होते ते मला आठवेना.

त्या संध्याकाळी पाजताना पिल्लानं तोंड फिरवलं आणि मी थांबले. थांबले म्हणजे काय, एका हातानं दुसरा हात धरला. तेव्हा तू आठवलीस. शेवटच्या दिवसांत मी तुला पेज भरवायची आणि तू ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करायचीस. मला वाटायचं हा आजार आहे. मी चमचा ओठांशी धरून बसायची, "एवढी संपव, आई." आयुष्यभर सगळ्यांना भरवलंस, आणि तुला स्वतःला नको झालं तेव्हा ते ऐकून घेणारं घरात कुणी नव्हतं, कारण तसं ऐकायला तू कुणाला शिकवलंच नव्हतंस. चिडून म्हणत नाही हे. खरंच वाईट वाटलं.

काल रविवार. येसराची आमटी, बाजरीची भाकरी, ठेचा, अण्णांच्या आवडीचं सगळं. डोक्यात सोमवार घोळत होता. मनाशी ठरवून टाकलं होतं की नाही म्हणून कळवायचं आणि विषय संपवायचा. एक भाकरी झाली तशी मी दुसरी घेऊन गेले. अण्णांनी ताटावर आडवा हात धरला. "बस." मी म्हणाले, अर्धीच. हात तसाच. "त्या सशाईला दोनदा आन मला पाच येळा? मला बी पचवू दे की जरा."

मी हसायला लागले, पण ते हसत नव्हते. मान खाली घालून म्हणाले, "तुझ्या मायनं मला सांगितलं व्हतं. पोरगी रांधील ते खात जा, नाय म्हणू नका. आन तिला एकटं टाकून पिशोरला जाऊ नका. मी व्हय म्हणलो. लई खाल्लं, बाई. भूक नसली तरी खाल्लं. तू हापिसातून दमून येतीस आन लगेच तवा ठेवतीस. वाटायचं, आपण खाल्लं नाय तर पोरीचं काय ऱ्हाईल?"

"तुम्हाला पिशोरला जायचं होतं?"

"कव्हाचं. तिथं जिना नाय. ओट्यावर बसलं की चार माणसं बोलतेत. हितं काय, तू हापिसात आन मी खुर्चीत."

आई, काय करून ठेवलंस गं हे? मला वेगळं सांगितलंस, त्यांना वेगळं सांगितलंस, आणि निघून गेलीस. मी त्यांच्यासाठी रांधत राहिले आणि ते माझ्यासाठी गिळत राहिले. मला तुझा एवढा राग आला की परात आपटली, पिठासकट. अण्णा घाबरले. मग मी तिथंच पाटावर बसून रत्नागिरीचं सगळं सांगून टाकलं, आधीच्या दोन बढत्यांचंही. त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "आन तू मला इचारलं का नाय?" त्यांनी तरी मला कुठं विचारलं होतं. तुझा शब्द आम्ही दोघांनी पाळला, फार मन लावून पाळला. आम्हाला तू आवडायचीस म्हणूनच पाळला, आणि राग त्याचाच आलाय.

आज सकाळी ऑफिसला फोन करून हो म्हणून सांगितलं. काकांचा मुलगा रविवारी गाडी घेऊन अण्णांना न्यायला येणार आहे. ते आत्ताच पिशवी भरून दाराशी ठेवून बसलेत, रविवारला अवकाश आहे म्हटलं तरी ऐकत नाहीत. तिन्ही पिल्लं तगलीत. पोटं मऊ आहेत. सकाळी खोक्यात कोरड्या, गोल, मोहरीपेक्षा जरा मोठ्या लेंड्या दिसल्या आणि मी आनंदानं ओरडले, तर अण्णांनी मला वेड्यात काढलं. एक जण लसूणघासाची काडी कुरतडतंय, कुणी भरवत नसताना. स्वयंपाकघरात आज काही शिजत नाहीये. मला त्या शांततेची भीती वाटतेय, आणि दोनदा उठून मी उगीच ओटा पुसून आले.

हा कागद तुझ्या डब्याच्या वरच्या पुडात ठेवते, तिथं आता काही भरायचं नाहीये. एक सांगते, अण्णांना कळू देऊ नकोस. मघाशी सगळ्यात बारक्या पिल्लाचं पोट भरलं होतं. त्यानं तोंडही फिरवलं होतं. सिरिंजमध्ये एक थेंब उरला होता, तो मी पाजलाच. आता त्याच्या पोटावर बोट ठेवून बसलेय.