आजीच्या हातांची परीक्षा

औरंगाबाद, शुक्रवार, १० जानेवारी १९४१

चि. चतुराबाईस आजीचा पोटभर आशीर्वाद.

आज घरी पाहुणे आले. सगळ्यात आधी आली शेजारची सगीरा, हातात माझीच परात, दिवाळीला नेलेली. तिच्या मागं तिचा भाचा दाऊद मास्तर आन् खाकी चड्डीतली चार स्काउटची पोरं. खाकी बघून मला वाटलं पोलीसच आले, तुझ्या आजोबांनी काही केलं का काय! तसं नाय. पोरांना स्वयंपाकाचा बिल्ला मिळवायचाय, शिकवायला मोठं माणूस पाहिजे, आन् सगीरानं माझं नाव सांगितलं. बाई गं, मी मास्तरीण! मास्तर म्हणाले, शाळा किती झाली ते नको; काम यावं, चालचलन नेक असावं, आन् पोराचं काम आपण करायचं नाय. एवढं जमलं तर नाव लिहून घेऊ.

लगेच अंगणात चूल पेटवली. एकाची भाकरी थापताना चिरली. मला ऱ्हावतंय व्हय! सगळ्यांच्या हातातलं पीठ घेतलं, थापलं, भाजलं, लोणी लावून वाढलंबी. मास्तरांनी बोटं चाटली आन् अदबीनं सांगितलं, अम्मा, नापास. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बघू.

चतुरा, हे काम मला मिळावं असं लई वाटतंय गं. काय करू?

तुझी वाट बघणारी,
आजी

गंगापूर, सोमवार, १३ जानेवारी

तीर्थरूप आजीस चतुराचा साष्टांग नमस्कार.

तू नापास झालीस याचं मला नवल नाही. तुझ्याजवळ वाढले, पण एक भाकरी तू मला थापू दिली नाहीस. मोडेल म्हणायचीस. सासरी पहिल्या दिवशी चुलीपुढं बसून रडले, ते तुला कळवलं नव्हतं. रागावू नको.

उपाय सांगते. मास्तर यायच्या आधी सगीरामावशीकडून दोन्ही हातांवर मेंदी काढून घे. ओली मेंदी असली की हात गप बसतील. तोंडाचं देव जाणे. आजोबांना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नको.

तुझी चतुरा

औरंगाबाद, शनिवार, १८ जानेवारी

चि. चतुरास आजीचा आशीर्वाद, आन् तीळगूळ पोचला समज.

तुझं रडणं वाचून मन खट्टू झालं. मग मेंदी भिजवली. सगीरानं मनगटापर्यंत काढली. आजोबा म्हणाले, नवरीला आता नवरा कुठनं आणायचा?

काल पोरं आली. पहिली भाकरी तुटली, दुसरी करपली. मी हात वर धरून नुसती बोलत होते, पाणी कढत घे, अजून मळ. नाकाला खाज सुटली, तीबी सगीरानं खाजवली. मग एकाची भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगली, आन् ते पोर असं हसलं! माझ्या हातचं खाऊन असं कुणी हसलं नाय कधी. तवा तू आठवलीस.

मास्तरांनी मेंदीची युक्ती ओळखली. म्हणाले, आज मेंदी पास झाली, अम्मा. एकदा मोकळ्या हातानं बसून दाखवा, मग नाव लिहितो.

म्हणून आज आजोबांना चुलीपुढं बसवलं आन् हात पदराखाली धरले. भाकरी झाली पळसाच्या पानासारखी, चावता येईना. तरी सगळी खाल्ली. त्यांनी थापलेली पहिलीच ती. माहेरी येशील तवा चूल तुझी, मी पाटावर. म्हातारीवर माया असू दे.

मास्तर आन् पोरं येत्या शुक्रवारी येतो म्हणून सांगून गेलीत.

आजी