अनिच्च ऐकलं, ॲनिमे निघालं

३ सप्टेंबर, बुधवार

श्रुतिका अनिच्च बघते! माझी मुलगी! मोबाइलवर!

आज जेवताना विचारलं, रोज कानात ती बोंडं घालून काय बघतेस गं? तिच्या तोंडात घास होता. म्हणाली, "अनिच्च." मी म्हटलं, परत सांग. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली, डावा कान त्या घरघरीतच संपला, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तर म्हणाली, "जपानी आहे बाबा. जपानी." आणि ताट उचलून खोलीत गेली.

पाणी द्यायचं निमित्त काढून डोकावलो. पडद्यावर चक्क विहार! लाकडी, उतरत्या छपराचं. अंगणात एक भन्तेजी झाडू मारत होते. चित्रातले होते, पण हल्ली धम्मसुद्धा चित्रांतून शिकवत असतील. जपान म्हणजे बौद्ध देश. अनिच्च—सगळं बदलतं, काहीच टिकत नाही—एवढा अवघड विषय, आणि पोरगी जेवण अर्धं टाकून त्याच्यामागे!

मी उगाच मनाला लावून घेत होतो. साकीनाक्याच्या खोक्यांच्या कारखान्यात डिझाइन काढायला लागल्यापासून ती माझ्याशी बोलतच नाही. मेट्रोने येते. "आलीस?"—"हो." "जेवणार?"—"हो." झालं! रोजचं संभाषण समाप्त. मला फार नको, चार वाक्यं बोलावीत तिने माझ्याशी, बस. आता विषय सापडला. अनिच्चावर मी तासभर बोलू शकतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

विहारात वर्षावासाची रविवारची व्याख्यानं चालू आहेत. अठ्ठावीस तारखेचे वक्ते फिरले. आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश डोकं धरून बसलेले. "कुंडलिकराव, ऐन वेळी कोण मिळणार हो?"

मी म्हटलं, माझी मुलगी! विषय—जपानमधील अनिच्च. मूळ जपानीतून अभ्यास करते.

चंद्रप्रकाश खुर्चीतून उठले. माझा हात हातात घेऊन हलवला. या माणसाने मला आजवर चहासुद्धा विचारलेला नाही.

७ सप्टेंबर, रविवार

माइकवरून नाव पुकारलं! "कुमारी श्रुतिका कुंडलिक शेजवळ." टाळ्या. रुक्मिणीबाई मागून ओरडल्या, "आमच्या घाटकोपरची पोरगी हाय!"

घरी येऊन श्रुतिकाच्या आईला, चंपाला, सांगितलं. ती म्हणे, "तिला विचारलंत का?" बायकांना शंका फार.

१० सप्टेंबर, बुधवार

वाट लागली.

विहाराच्या ग्रुपवर पोस्टर आलं. त्यात श्रुतिकाचा लग्नाच्या बायोडेटातला फोटो आणि मागे बोधिवृक्ष. ती कारखान्यातून आली ती चपलांसकट घरात. "बाबा, हे काय आहे?"

मी म्हटलं, लाजू नकोस. अनिच्च तू इतकं मनापासून बघतेस—

ती माझ्या उजव्या बाजूला आली. उजव्या कानाशी तोंड आणून एकेक अक्षर सुटं करून बोलली. "अ नि च्च नाही. ॲ नि मे. ॲनिमे! तुमच्या भाषेत, कार्टून."

कार्टून!

"आणि तो भन्ते?"

"तो पुढच्या सीनला तलवार काढतो बाबा."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

"आलीस?" विचारलं तर "हो" पण नाही. म्हणजे होतं तेही गेलं.

सकाळी चंद्रप्रकाशांकडे गेलो. म्हटलं, मुलीला ताप आहे, कार्यक्रम रद्द करा. तर म्हणाले, "दोन आठवडे ताप? चला, आत्ताच बघायला येतो." पायात चपला घातल्यासुद्धा! मी म्हटलं, तसा कमी आहे. उतरलाच समजा.

१३ सप्टेंबर, शनिवार

तोडगा निघाला. तिनेच काढला.

म्हणाली, बोलेन. तुमची मान खाली जाऊ देणार नाही. पण अनिच्चावर नाही, ॲनिमेवरच बोलेन. आणि त्याआधी तुम्ही माझ्याबरोबर एक अख्खी मालिका बघायची. बारा भाग. मध्ये बोलायचं नाही.

मी म्हटलं, हे असलं पोरासोरांचं बघून—

"बघा, सुरू झालात."

मान्य केलं. करतो काय!

१४ सप्टेंबर, रविवार

पहिला भाग. टीव्हीला मोबाइल जोडला. चंपा म्हणे, "मला काय कळतंय त्यातलं," आणि भाजी निवडत बसली.

माझी मतं, इथे लिहितो कारण तिथे बोलायला बंदी आहे. डोळे बशीएवढे. नाक काढायचं विसरलेत. केस निळे, गुलाबी. शाळेत हेडमास्तर काही म्हणत नाहीत? घाबरले की ओरडतात, आनंद झाला की ओरडतात, आणि जेवताना एक घास खाल्ला की डोळ्यांत पाणी. एवढं चांगलं जेवण आहे तर गपगुमान जेवा ना!

गोष्ट मात्र बसची निघाली. डोंगरातलं एक गाव, जुना काळ, दिवसाची शेवटची गाडी. हारू नावाची मुलगी तिच्यावर कंडक्टर. तिच्या गळ्यात पिशवी, हातात तिकिटं टोचायचा पंच. तिने पंच वाजवला—टिक टिक—आणि मी खुर्चीतून पुढे सरकलो. अगदी तस्साच आवाज! कुणीतरी तो नीट ऐकून घेतला असणार. माझ्या कामाचं कुणी असं चित्र काढलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. श्रुतिकाला बोललो नाही. बंदी आहे ना.

१५ सप्टेंबर, सोमवार

नियम मोडला. चारदा.

शेवटच्या गाडीत मेलेली माणसं चढतात म्हणे! मी म्हटलं, भूतबीत आपण मानत नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे हे. श्रुतिकाने थांबवलं. "बाबा, गोष्ट आहे ती."

ठीक. गोष्ट म्हणून मान्य. पण एक म्हातारी चढली, बसली, उतरली, आणि हारूने तिकीट फाडलंच नाही!

"बाबा, ती मेलेली आहे."

"मग सवलत द्या! फुकट कशी नेतात?"

श्रुतिका हसली. तोंडावर हात धरून, पण हसली. किती दिवसांनी!

१७ सप्टेंबर, बुधवार

हारू मला पसंत आहे. सुट्टे पैसे नसले तरी प्रवाशावर खेकसत नाही. हे मला कधी जमलं नाही.

तो ड्रायव्हर मात्र डोक्यात जातो. हारूचा सख्खा बाप, आणि पोरीशी एक शब्द बोलत नाही! तिने एक घंटी दिली की थांबतो, दोन दिल्या की निघतो. दिवसभर बापलेकीत तेवढ्याच घंट्या. मी म्हटलं, "अरे, तोंडाला कुलूप लावलंय काय? माणूस आहेस का दगड!"

भाग संपल्यावर श्रुतिका मोबाइल घेऊन आत गेली. आज हसलीही नाही. मी परत मध्ये बोललो, त्याचा राग आला असणार.

२० सप्टेंबर, शनिवार

आज मीच विचारलं, तुला हे का आवडतं गं? खरंच विचारतो.

म्हणाली, "आपल्या मालिकांत बाई जिन्यावरून पडली की तीनदा पडते बाबा. इथं एखादी बाई भांडी घासत असेल तर ती भांडी घासते. पूर्ण. तिच्या हाताला साबण लागलेला पण कुणीतरी बसून काढलेला असतो. मी दिवसभर फिनाइलच्या खोक्यावर फूल काढते. लोक खोकं फाडतात नि फेकतात. तर हे बघितलं की वाटतं, बघतं कुणीतरी."

मोजली नाहीत, पण चार वाक्यांपेक्षा जास्त होती.

२१ सप्टेंबर, रविवार

दुपारी लागोपाठ दोन भाग. ड्रायव्हर अजून मुका. त्याला एक कानाखाली द्यावीशी वाटते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

वाण्याच्या दुकानात उभ्या उभ्या त्याला हारूची गोष्ट सांगितली. त्याने साखर द्यायचं राहू दिलं नि ऐकत बसला. मागे रांग लागली. चंपाने साखरेवरून झापलं.

अकरा भाग झाले. शेवटचा श्रुतिका दाखवत नाही. "व्याख्यान झाल्यावर," म्हणते. का, ते सांगत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

झालं! व्याख्यान झालं!

बुद्धवंदना झाली. चंद्रप्रकाशांनी ओळख करून देतानाच अनिच्च असं काही लांबवलं की पुढची पोरं आडवी झाली. मग श्रुतिका उभी राहिली. पांढरी साडी. "जय भीम. माझा विषय अनिच्च नाही."

टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला तर माझ्या डाव्या कानानेसुद्धा ऐकू आली! चंद्रप्रकाशांनी माझ्याकडे मान वळवली. मग मीच उठलो. म्हटलं, "बंधू-भगिनींनो, पोरीची चूक नाही. ती बोलली ॲनिमे, मी ऐकलं अनिच्च. चूक माझ्या कानाची, आणि ती माइकवरून सांगायची घाई माझ्या तोंडाची."

आधी रुक्मिणीबाई हसल्या. मग सगळं विहार.

श्रुतिका मस्त बोलली. ॲनिमे म्हटल्यावर आडवी पोरं ताडकन उठून बसली. हे बघितलंस का ताई, ते बघितलंस का ताई, नुसता कालवा. चंद्रप्रकाश उभे राहिले. "या कार्टूनांत मारामाऱ्या असतात. तोकडे कपडे असतात. मी नातवाचा मोबाइल पाहिलेला आहे."

मला वाटलं, ही आता भांडणार. तर म्हणाली, "असतं ना काका. तसलं भरपूर असतं. मलाही नाही आवडत. मी बंद करते." चंद्रप्रकाश खाली बसले. भांडणाची तयारी करून आले होते बिचारे.

मग रुक्मिणीबाईंनी हात वर केला. "पण पोरी, त्यांचे डोळे एवढाले का गं काढतात?"

"मनातलं दिसावं म्हणून, आजी."

"मग बरं करतात. आमच्या ह्यांचे बारीक होते. चाळीस वर्षं संसार केला, मनात काय हाय ते कधी कळलंच नाही."

बायका इतक्या हसल्या की माइक बंद करावा लागला. रुक्मिणीबाई मात्र पदराने डोळे पुसत होत्या.

शेवटी चंद्रप्रकाशांनी आभार मानले, विषय यापुढे लेखी घेतले जातील असं जाहीर केलं, आणि आता राहिलेल्या वेळात अनिच्चावर मीच बोलतो म्हणून बसले. आम्ही हळूच सटकलो.

विहारापासून घर पाच मिनिटांवर. आम्हाला अर्धा तास लागला. वाटेत तिने सांगितलं, कारखान्यात अगरबत्तीच्या खोक्यावर ती एक पक्षी काढते, आणि मालक दर वेळी तो मोठा करायला सांगतो. मी म्हटलं, मोठा करू नकोस. ती म्हणाली, "करतच नाही. थोडा सरकवते, त्यांना मोठा वाटतो!" एवढं सगळं हिच्या आयुष्यात चालतं, आणि मला पत्ता नाही. पण आज सांगितलं. मला फार फार बरं वाटलं. तो घुम्या ड्रायव्हर इथे असता तर त्याला म्हटलं असतं, बघ लेका, असं बोलायचं असतं पोरीशी!

३० सप्टेंबर, मंगळवार

शेवटचा भाग उद्या.

भाकरी थापता थापता चंपा बोलून गेली, "शेवटी बोलतो हो तो ड्रायव्हर. रुमाल घेऊन बसा."

तुला काय माहीत? तर म्हणे दोनदा बघून झालंय. श्रुतिकानेच दाखवलं, दोन वर्षं झाली. तेव्हाच म्हणाली होती, "आई, हे बाबांना दाखवायचंय गं. पण कसं दाखवू? तो ड्रायव्हर म्हणजे डिट्टो आपले बाबा."

आणि मी पंधरा दिवस त्याला शिव्या घालतोय!