सुचवणाऱ्याचं नाव

१० नोव्हेंबर, सोमवार

सुक्या केळ्यांची पाकिटं पुन्हा परत आली! आत पाणी सुटलंय, बुरशी धरलीय. क्वालिटी माझ्याकडे, म्हणजे बोलणीही मलाच. आमचे मॅनेजर परेश सर म्हणाले, "काहीतरी नवीन शोधा." नवीन काय शोधू — कप्पाळ!

त्यात भिंतीवर पोस्टर लागलंय. 'विविधतेतून नवकल्पना. आमच्यात ४२ टक्के महिला.' फोटोत पॅकिंगवरची इनेझ, तोंडभर हसतेय. मीटिंगला मात्र आठ पुरुष आणि मी. मग हे ४२ टक्के बसतात कुठे?

१२ नोव्हेंबर

डबा खाताना इनेझपुढे रडगाणं गायले. ती हसायलाच लागली. "गरम गरम बांधता गो बाय, मग घाम नाय येणार? आमच्या गिरीज गावाला सुकेळी उन्हातून काढली की रातभर टोपलीत, वर फडकं. सकाळी बांधायची."

इतकंच? आमच्याकडे तर मशीनमधून निघालं की लगेच पाकिटात!

बाकी सगळ्या मला मॅडम म्हणतात. ही एकटीच 'गो बाय'. बरं वाटतं.

१३ नोव्हेंबर

चाचणी लावली. कुणाला सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर

एकाही पाकिटात थेंब नाही! लाइनवर जाऊन इनेझला मिठीच मारली. "सोड गो, लोक बघतात!"

२६ नोव्हेंबर

नवकल्पना पुरस्काराचा फॉर्म. सुचवणाऱ्याचं नाव — इनेझ. कॉम्प्युटर नावच घेईना. परेश सर म्हणाले, "ती कंत्राटी आहे, यादीत नाही. तुमचं टाका. तुम्हीही महिलाच, काम झालं!"

पण पोस्टरच्या ४२ टक्क्यांत ती आहे ना? "तिथे आहे." मग इथे? "इथे नाही."

तिथे आहे, इथे नाही — म्हणजे ती आहे की नाही? मी भांडले का? नाही. मेलं प्रमोशनही डोळ्यांपुढे होतंच. माझं नाव टाकलं. तिला नंतर नीट समजावीन, असं ठरवलं. काय समजावणार, मलाच कळलेलं नाही.

४ डिसेंबर

बोर्डावर माझा फोटो. टाळ्या, केक. इनेझला अजून सांगितलेलं नाही. आज ती डबा खायला आली नाही. फोटो पाहिला असेल का?

९ डिसेंबर

आता चिकूच्या फोडी काळ्या पडतायत. सर म्हणाले, "काढा तुमची नवकल्पना!" धावत पॅकिंगला गेले, इनेझला विचारलं. तिने हातातलं पाकीट बंद केलं, बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं.

"मला काय ठाऊक, मॅडम."